आधी दगड, मग दिवा

माझ्या गॅलरीत वॉशिंग मशीनला खेटून एक निळा ड्रम उभा आहे, १०० लिटरचा. आत ६० लिटर खारं पाणी, १८ किलो दगड आणि तळाशी एक छोटा वेव्हमेकर, म्हणजे पाणी फिरवणारा पंप. वर झाकण, हवा जाण्यापुरतं सरकवलेलं. ड्रम माझ्या भाच्याचा. डोंबिवलीला त्याच्या घरी समुद्री माशांचा टँक आलाय, स्टँड आलाय, दिवा तर सगळ्यांच्या आधी आलाय, पण दगड तयार करायला, म्हणजे त्याचं क्युअरिंग करायला, जागा नाही म्हणून ड्रम ठाण्यात माझ्याकडे. दर रविवारी तो येतो, झाकण उचलून वाकून बघतो आणि विचारतो, "मावशी, आता तरी दिवा लावूया का गं?"

नाही लावायचा. का नाही, आणि लावायचा तेव्हा कसा, ते त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठी एकदा नीट लिहून ठेवते.

मी एका कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं सहायक होते. जिवाणू त्यांच्या वेळेने वाढतात, आपल्या नाही, हे रोज डोळ्यांनी बघत होते. तरी २०१४ साली पहिला टँक मांडला तेव्हा ते सगळं विसरले. दुकानातून 'लाइव्ह रॉक', म्हणजे जिवाणू आणि जीव वसलेला समुद्री दगड, म्हणून मिळालेला दगड थेट टँकमध्ये रचला, दिवा पहिल्या दिवसापासून दहा तास पूर्ण ताकदीने ठेवला आणि नवव्या दिवशी क्लाउनफिशची जोडी सोडली. बाराव्या दिवशी दोन्ही मासे मेले. पुढचे चार महिने दगडांवर बोटभर लांबीचं हिरवं शेवाळ होतं. ते मासे माझ्या घाईने गेले. त्याची खंत मला अजून आहे, म्हणून या विषयात मी कोणालाच सूट देत नाही.

दगड करतो काय

क्युअरिंग म्हटलं की आपल्याला नव्या स्लॅबवर साठवलेलं पाणी आठवतं. इथेही पाणी आहे आणि थांबणं आहे, पण काम जिवाणू करतात. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, तो माशांना विष. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. या जिवाणूंना चिकटून राहायला जागा लागते. सच्छिद्र दगडात ती भरपूर असते. शिवाय दगडाच्या पोटात ऑक्सिजन कमी पोचतो, तिथे आणखी वेगळे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. दगड शोभेला नसतो, तोच टँकचा खरा फिल्टर.

दगड कुठून आणायचा

समुद्रातून नाही. हे मी सगळ्यांत मोठ्याने सांगते. लाइव्ह रॉक म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडाच, आणि प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत, तिथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. माझं माहेर तिकडचं. ओहोटीला खडकांत वाकून बघायची सवय मला तिथेच लागली, आणि तिथून एक तुकडाही उचलायचा नाही हे मात्र मी फार उशिरा शिकले. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडासुद्धा तिथेच राहू द्या. माझा २०१४ चा दगड कुठून आला होता, ते मी दुकानदाराला विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारा, आणि कागद दाखवता आले नाहीत तर तसेच परत या.

परदेशात असाल तर गोष्ट वेगळी. फ्लोरिडात समुद्रातला मूळ दगड काढणं १९९० च्या दशकात बंद झालं. आता तिथले शेतकरी खाणीतला चुनखडीचा दगड ठरवून दिलेल्या जागी समुद्रतळावर टाकतात आणि काही वर्षांनी जिवंत झाला की काढून विकतात. न्यू जर्सीतल्या माझ्या मैत्रिणीकडे तसा आहे, त्यावर स्पंज आणि छोटे शिंपले बसलेले असतात.

इथे आपल्यासाठी ड्राय रॉक. खाणीतला कोरडा चुनखडीचा किंवा सिमेंट आणि अरागोनाइट वाळूपासून बनवलेला. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका लागला पाहिजे, म्हणजे आत पोकळ्या आहेत. भाच्याचा टँक ३६ बाय १८ बाय १८ इंचांचा, भरून साधारण १९० लिटर. त्याला १८ किलो पुरे. जुन्या हिशोबाने लोक याच्या दुप्पट रचायचे, पण मग पाणी फिरायला वाव राहत नाही.

दगड आणल्यावर ब्रशने घासून, साध्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून घ्या. कोणी ॲसिडने धुवायला सांगेल. घरात करू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, मोरीतल्या मोरीत माणूस गुदमरतो. आणि जुन्या टँकमधला दगड निर्जंतुक करायला कधीही, कधीही उकळू नका. त्यावर झोअँथिड जातीचे जीव (प्रवाळांचे नातेवाईक) असतील तर त्यांचं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर घरभर पसरतं. अशी कुटुंबंच्या कुटुंबं इस्पितळात गेलेली आहेत.

ड्रम

पाणी आरओचं आणि त्यापुढे डीआय रेझिनमधून, म्हणजे उरलेसुरले क्षार ओढून घेणाऱ्या दाण्यांतून, काढलेलं. टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. घरच्या पिण्याच्या आरओचं चालत नाही, कारण चवीसाठी त्यात थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी तर नकोच. "मावशी, सरळ जुहूचं पाणी आणू की!" असं भाचा म्हणाला होता. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी मी माझ्या टँकच्या जवळपास येऊ देणार नाही, आणि पावसाळ्यात तर त्याची खारटीही उतरलेली असते.

मीठ ॲक्वेरियमचं घ्या, लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम, पुडीवर नेमकं लिहिलेलं असतं. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी नाही, आणि पंप लावून रात्रभर फिरवायचं. खारटी दर हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने नव्हे, ३५ च्या मानक द्रावणाने जुळवून घ्या. शून्यावर अचूक असलेलं यंत्र ३५ वर चुकू शकतं.

ड्रममध्ये दगड एकावर एक ठासायचे नाहीत. वेव्हमेकरचा झोत मधून फिरला पाहिजे, वरचं पाणी हललं पाहिजे, कारण या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. पाणी २६ ते २८ अंश. ठाण्यात वर्षातले दहा महिने हीटर लागत नाही.

आता विरजण. माझ्या चालू टँकच्या तळातले मूठभर दगडाचे चुरे मी जाळीच्या पिशवीत घालून ड्रममध्ये सोडले. दुधाला जसं कवडीभर दही, तसं हे. फक्त ज्याच्याकडून घ्याल त्याच्या टँकमध्ये माशांना रोग नाही आणि दगडांवर ऐप्टेशिया नाही एवढं बघून घ्या. ऐप्टेशिया म्हणजे काचेसारखं तपकिरी छोटं समुद्रफूल. एक आलं की वर्षभरात शंभर होतात. विरजण मिळालं नाही तर जिवाणूंची बाटली विकत मिळते, किंवा नुसतं थांबायचं. हवेतून, हातांवरून काही ना काही येतंच, फक्त वेळ जास्त लागतो.

जिवाणूंना खायला अमोनिया द्यावा लागतो. काही जण कोळंबीचा तुकडा टाकतात. मला ते पटत नाही. किती अमोनिया सुटतोय ते कळत नाही आणि फॉस्फेट फुकटचं वाढतं. मी अमोनियम क्लोराइड वापरते, म्हणजे आपला नवसागर. पण कल्हईवाल्याचा नव्हे, त्यात काय काय असतं सांगता येत नाही. प्रयोगशाळेसाठी विकतात तो शुद्ध घ्या. घरच्या वजनकाट्यावर ०.४ ग्रॅम मोजता येत नाही, म्हणून ४ ग्रॅम नवसागर १०० मिलिलिटर आरओ पाण्यात विरघळवायचा आणि त्यातले १० मिलिलिटर ६० लिटरच्या ड्रमला द्यायचे. टेस्ट किटवर साधारण २ पीपीएम अमोनिया दिसतो. ४-५ च्या वर नेऊ नका, जास्त खाऊ घातल्याने काम लवकर होत नाही, उलट अडतं.

मग वही. दोनशे पानी, रेघांची. ड्रमच्या वहीतली पानं अशी आहेत:

दिवस १: अमोनिया २, नायट्राइट ०.
दिवस ५: अमोनिया २. काहीच नाही. (भाचा नाराज.)
दिवस ९: अमोनिया ०.५, नायट्राइट २.
दिवस १३: अमोनिया ०. नायट्राइट किटच्या रंगपट्टीच्या बाहेर, गडद जांभळा. नवसागर परत १० मिलिलिटर.
दिवस १९: अमोनिया दुसऱ्या दिवशीच ०. नायट्राइट तसाच.
दिवस २४: नायट्राइट १.

पाचव्या दिवशी लोक घाबरतात आणि तेराव्या दिवशी फसतात. अमोनिया शून्य झाला की टँक तयार, असं वाटतं. नाही. नायट्राइट खाणारे जिवाणू सावकाश वाढतात, त्यांच्यासाठीच बाकीचे दोन-तीन आठवडे द्यायचे. या काळात नायट्रेटची टेस्ट करत बसू नका. ते किट नायट्रेटचं आधी नायट्राइट करून मोजतं, त्यामुळे पाण्यात नायट्राइट असला की आकडा खोटा येतो. शेवटची परीक्षा अशी: १० मिलिलिटर नवसागर द्या आणि २४ तासांनी मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर दगड तयार. एकूण तीन ते सहा आठवडे धरून चाला.

त्याच दिवशी फॉस्फेटही मोजा. कोरडा दगड फॉस्फेट धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. ०.१ पीपीएमच्या वर असेल तर बहुतेक पाणी बदला, फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे पिशवीत घालून ठेवा, आठवड्याने परत बघा. ड्रममध्ये घालवलेला हा एक आठवडा पुढे टँकमधले तीन महिने वाचवतो.

दगड जिवंत मिळाला असेल तर

कोणी शहर सोडून जाताना चालू टँक मोडतं आणि कागदपत्रांसकट जुना दगड देतं. तो ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, शक्य तितक्या लवकर आणा. तरी प्रवासात त्यावरचं बरंच काही मरतं आणि ते कुजू लागतं. इथे नवसागर अजिबात घालायचा नाही, दगड स्वतःच अमोनिया सोडतो. पांढरट, बुळबुळीत, सुटलेलं सगळं जुन्या ब्रशने खाऱ्या पाण्यातच काढा. हातमोजे घालून, कारण ब्रिसल वर्म या किड्याचे केस बोटांत रुततात. अमोनिया १ च्या वर जायला लागला की अर्धं पाणी बदला, म्हणजे जे जगलंय ते जगेल. दगडातून टकटक आवाज आला तर मँटिस श्रिंप (जोरदार फटका मारणारा कोळंबीसारखा जीव) आहे असं समजा आणि बोट घालू नका.

इथे किटपेक्षा नाक आधी सांगतं. पहिले दिवस संध्याकाळी मासळीबाजार उठल्यानंतरचा वास येतो. आमच्या शेजारच्या वहिनी विचारून गेल्या होत्या, बोंबील वाळत घातलेत का म्हणून. मग तो सुकटीवर येतो. आणि एक दिवस झाकण उचललं की स्वच्छ, गार वास येतो, भरती उतरल्यावर मालवणच्या खडकांवर येतो तसा. तो वास आला आणि किटनेही दुजोरा दिला की दगड तयार. मला त्या दिवशी दर वेळी माहेरी गेल्यासारखं वाटतं.

आता दिवा

ड्रममध्ये अंधार का, तर शेवाळाला तीन गोष्टी लागतात: नायट्रोजन, फॉस्फेट आणि उजेड. पहिल्या दोन ड्रममध्ये असतातच, तिसरी आपल्या हातात आहे. जिवाणूंना उजेड लागत नाही. उलट तीव्र उजेडात ते मंदावतात. जिवंत दगडावर गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ असेल तर तेवढ्यासाठी दिवसाला तीन-चार तास मंद उजेड द्या. कोऱ्या दगडाला तोही नको.

दगड टँकमध्ये हलवताना आधी काचेवर दगड ठेवा, मग वाळू घाला. वाळूवर दगड ठेवला तर खाली खणणारा मासा एखाद्या रात्री सगळा डोलारा पाडतो. मागच्या काचेपासून चार बोटं जागा सोडा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे घरंगळणारं खारं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही. आणि त्या सर्किटला आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच, हवाच.

पहिले दोन-तीन आठवडे दिवा बंद. पहिला मासा याच काळात सोडा, एकच. माशाला खोलीतला उजेड पुरतो. भाच्याला हे पटत नाही, त्याला मासा निळ्या प्रकाशात बघायचाय. पण मासा तो प्रकाश मागत नाही.

मग टायमर लावून रोज चार तास. एलईडीचा निळा भाग २० टक्के, पांढरा ५ टक्के, दिवा पाण्यापासून २५ सेंटिमीटर वर. पुढच्या आठवड्यात पाच तास. त्याच्या पुढच्या आठवड्यात तास तेच, निळा २५ टक्के. एका आठवड्यात एकच बदल, म्हणजे काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते वहीत सापडतं. आठ तासांवर थांबा. दिव्यागणिक ताकद वेगळी, त्यामुळे माझे टक्के तसेच उचलू नका, चाल मात्र हीच ठेवा. माझा दिवा दुपारी दोन ते रात्री दहा असतो, कारण घरातली माणसं संध्याकाळीच बघायला बसतात. टायमर आत बॅटरी असलेला घ्या. वीज गेली की साधा टायमर मागे पडतो आणि आठवड्याभरात दिवा मध्यरात्रीपर्यंत जळायला लागतो.

खिडकीचं ऊनही हिशोबात धरा. आमच्याकडे सकाळी साडेआठ ते दहा पूर्वेचं ऊन थेट काचेवर यायचं, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात शेवाळ धरायचं. पडदा लावला, पट्टा गेला.

दिवा लागल्यावर दोन-तीन आठवड्यांत दगडावर नि वाळूवर तपकिरी धूळ बसेल. ते डायटम. नव्या टँकला ते येतात आणि सिलिकेट संपलं की आपोआप जातात. दिवा कमी-जास्त करू नका, औषध तर मुळीच घालू नका. त्यानंतर हिरवं केसाळ शेवाळ आलं तर हाताने उपटा, दोन तास उजेड कमी करा, फॉस्फेट मोजा आणि तीन-चार ट्रोकस गोगलगाई आणा. लालसर मखमलीसारखा थर दिसला तर ते सायनोबॅक्टेरिया. नळीने ओढून काढा आणि त्या कोपऱ्यात पाण्याचा झोत वाढवा. पण नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही अगदी शून्यावर आणायचा हट्टही धरू नका. तशा उपाशी टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट येतात, बुडबुडे अडकलेले तपकिरी तंतू, आणि ते घालवणं या सगळ्यांपेक्षा कठीण. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या मध्ये असलेलं बरं.

तीन ते सहा महिन्यांत मागच्या काचेवर किंवा पंपाच्या तोंडाशी जांभळा ठिपका दिसेल, मोहरीएवढा. ते कोरलाइन. कॅल्शियम ४२० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) ८ डीकेएचच्या आसपास स्थिर असेल तर ते पसरत जातं आणि कुरूप शेवाळाला जागाच उरत नाही.

प्रवाळ आणायचे झाले, अर्थात वैध मार्गाने आलेले आणि टँकमध्ये वाढवलेले, तर त्यानंतरच. मशरूम, झोअँथस यांना ५० ते १०० 'पार' (PAR, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाचं माप) पुरतो. मोबाइलवरच्या लक्स मीटरवर निळ्या उजेडात विश्वास ठेवता येत नाही, ओळखीत कोणाकडे पार मीटर असेल तर एका दिवसासाठी मागून आणा. नवा प्रवाळ आधी वाळूवर, सावलीच्या कडेला ठेवा, दोन आठवड्यांनी वर न्या. पांढरा पडत गेला तर उजेड जास्त झालाय. त्याच्या पेशींत राहून त्याला अन्न देणारं सूक्ष्म शेवाळ तो बाहेर टाकतोय. तपकिरी पडला, मान लांब करून वर ओढला गेला, तर कमी झालाय.

पांढरं पडायला फक्त उजेड कारण नसतो. लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८ मध्ये समुद्र तापल्यामुळे मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, तेच मे महिन्यात आपल्या दिवाणखान्यात होऊ शकतं. पाण्यावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पावसाळ्यात हवा दमट असल्याने तेवढं होत नाही. तेव्हा दिव्याची ताकद कमी करा, परवडत असेल तर चिलर घ्या. आणि उडालेलं पाणी भरताना आरओ-डीआयचंच भरा. मीठ उडत नाही, पाणीच उडतं.

भाच्याचा नायट्राइट या आठवड्यात शून्यावर येईल असं वहीवरून दिसतंय. रविवारी दगड थर्माकोलच्या खोक्यातून डोंबिवलीला जातील, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, गाडीने, गर्दीच्या लोकलने नाही. दिवा मी ड्रमबरोबरच मागून घेतला होता. तो माझ्या कपाटावर आहे. खोक्यावर मार्करने तारीख घातली आहे, दगड टँकमध्ये गेल्यापासून एकविसाव्या दिवसाची, आणि खाली लिहिलंय: चार तास, निळा २०, पांढरा ५.